हिवरखेडचे धाबे, कारंज्याची हवेली

सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तेल्हारा तालुक्यात हिवरखेड वसले आहे. उत्तरेला मेळघाटचे सागवान आणि दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन, अशा दोन संपत्तींच्या मध्ये हे गाव आहे. गावाच्या नावातच हिवराचे काटेरी झाड आहे. अकोट, तेल्हारा, हिवरखेड या पट्ट्यातील जुन्या पेठांत आजही सिमेंटच्या दुकानांच्या ओळीत मधेच एखादे मातीचे धाब्याचे घर उभे दिसते. त्याचा दरवाजा सागाचा असतो, त्यावर पितळी फुल्या असतात आणि कडीला कुलूप असते. कुलूप गंजलेले असले तर घराचे वारस पुण्यात, मुंबईत किंवा त्याहून दूर आहेत असे समजावे.

वऱ्हाडात गावाच्या जमिनीचे दोनच भाग मानले जात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. ही विभागणी नुसती महसुली नव्हती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातभर रुंद भेगा पडतात. अशा मातीवर भिंत टिकत नाही. म्हणून पूर्वजांनी घरे पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर बांधली आणि त्याच मातीच्या भिंती उभारल्या. वऱ्हाडातील गावोगावच्या गढ्या याच मातीच्या. आज जी बांधकामे जुने गावठाण सोडून थेट काळ्या रानात उभी राहत आहेत, त्यांच्या भिंतींना पाच-सात वर्षांतच तिरप्या भेगा का पडतात, याचे उत्तर या दोन जुन्या शब्दांत आहे.

धाब्याच्या घराची रचनाही अशीच अनुभवातून घडलेली आहे. दगडी जोत्यावर दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, आत सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलच्या, त्यांवर तुराट्यांचा व कडुनिंबाच्या पाल्याचा थर आणि सर्वांत वर खारी माती. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा या जाड भिंतींच्या आतले माजघर दुपारीही सुसह्य असते. छताचे वजन भिंतींवर नव्हे, लाकडी सांगाड्यावर असते. त्यामुळे एखादी भिंत पावसाने ढासळली तरी घर उभे राहते आणि भिंत पुन्हा घालता येते. या घराची एकच अट असते. दर वर्षी मृगापूर्वी धाब्यावर नवी माती पसरून ती चोपली पाहिजे आणि पन्हळी मोकळ्या केल्या पाहिजेत. एक वर्ष चुकले तर छत गळते, दोन वर्षे चुकली तर किलच्या कुजतात आणि तिसऱ्या वर्षी तुळई वाकते. घर पडायला शंभर वर्षे लागत नाहीत. त्याला तीन पावसाळे पुरतात.

व्यापाऱ्याच्या घराचा नकाशा

शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या घरात फरक असे तो पुढच्या भागात. व्यापाऱ्याच्या घरात रस्त्याला लागून पेढी असे. गादी-तक्क्यांची बैठक, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, भिंतीतल्या फडताळात लाल कापडी बांधणीच्या चोपड्या, आणि तराजू टांगण्यासाठी तुळईला ठोकलेली लोखंडी कडी. पेढीच्या मागे ढेलज आणि तिच्या पुढे चौक. चौकाच्या चहूबाजूंनी ओसरी, ओसरीच्या आत माजघर आणि त्याच्याही आत काळोखी खोली, जिच्या जमिनीखाली तळघर असे. ज्वारीसाठी भिंतीच्या पोटात बळद किंवा अंगणात पेव. बाहेरचा माणूस किती आत येऊ शकतो, हे या नकाशावरून ठरत असे. अडत्या पेढीपर्यंत, ओळखीचा शेतकरी ढेलजेपर्यंत, सोयरा ओसरीपर्यंत आणि घरचा माणूस माजघरापर्यंत. विश्वासाच्या पायऱ्या दगडात आणि लाकडात बांधून ठेवल्या होत्या.

जैन घराच्या रचनेत आणखी काही गोष्टी दिसतात, आणि त्या आचारातून आल्या आहेत. चौकातला आड हा त्यांपैकी एक. पाणी गाळून घ्यावे आणि गाळणीतील जीवाणी त्याच पाण्यात परत सोडावी, हा नियम पाळायचा तर आड घरातच असणे सोयीचे. मुनिसंघ विहार करीत गावी आला की आहारासाठी चौका लावावा लागतो, आणि त्यालाही शुद्ध जल हाताशी लागते. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकायची असल्याने स्वयंपाकघर चौकाच्या उजेडाला लागून ठेवले जाई. ज्यांना शक्य होते त्यांनी गृहचैत्यालय वरच्या मजल्यावर ठेवले, कारण जिनबिंबाच्या डोक्यावर कोणाची ये-जा नको. अशा घरात राहणाऱ्याला व्रत पाळण्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नसे. घरच त्याला मदत करीत असे.

हिवरखेडसारख्या गावात हे सारे साध्या प्रमाणात आढळते. तेच मोठ्या प्रमाणात आणि इतिहासाच्या साक्षीने पाहायचे असेल, तर अकोट, अकोला, मूर्तिजापूर असा प्रवास करून कारंज्याला जावे. आज वाशीम जिल्ह्यात असलेले हे शहर १९९८ मध्ये तो जिल्हा निर्माण होईपर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. मूर्तिजापुराहून यवतमाळकडे जाणारी शकुंतला ही अरुंद मापाची रेल्वे कारंज्यावरूनच जात असे. एका ब्रिटिश कंपनीने ती वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणण्यासाठी घातली होती.

चार वेशींच्या आत

कारंजा लाड हे एके काळी तटबंदीचे शहर होते. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस या चार वेशींची नावेच त्याच्या व्यापाराचा पसारा सांगतात. दत्तभक्तांसाठी हे श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आहे आणि गुरुमंदिरात वर्षभर यात्रेकरूंची रीघ असते. जैन समाजासाठी हे काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या तीन परंपरांच्या मंदिरांचे गाव आहे. सेनगण आणि बलात्कारगण यांच्या भट्टारकांची पीठे येथे शतकानुशतके नांदली. त्यांचा इतिहास विद्याधर जोहरापूरकर यांनी १९५८ मध्ये सोलापुराहून प्रसिद्ध झालेल्या ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात लेखांच्या आधारे मांडला आहे. बघेरवाल समाजाचे हे महत्त्वाचे केंद्र. १९१८ मध्ये पुढे समंतभद्र महाराज म्हणून विख्यात झालेल्या देवचंदजींनी येथेच महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली.

कारंज्याच्या श्रीमंतीची सर्वांत ठळक नोंद एका संकटाच्या निमित्ताने झाली आहे. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी स्वारी आणि वणी-दिंडोरीची लढाई झाली. त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांची फौज वऱ्हाडात उतरली आणि मोगली अमलाखालील कारंज्यावर आली. सर जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या वृत्तांतानुसार सोने, चांदी आणि तलम कापड मिळून सुमारे एक कोटी रुपयांची संपत्ती चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेण्यात आली. खंडणीसाठी शहरातील प्रतिष्ठित सावकारांना पकडण्यात आले. त्यांतला सर्वांत धनवान तेवढा स्त्रीवेषात निसटला. स्त्रियांच्या वाटेला जायचे नाही हा महाराजांचा दंडक सैन्यात किती काटेकोरपणे पाळला जात होता, हे त्या सावकारालाही ठाऊक होते असे म्हणावे लागते.

या प्रसंगाची आठवण ठेवून जुन्या पेठांतील व्यापारी घरे पाहिली म्हणजे त्यांची अनेक वैशिष्ट्ये उलगडतात. रस्त्याच्या बाजूला खालच्या मजल्यावर खिडक्या जवळजवळ नसतात. मोठ्या दरवाजात माणूस वाकून आत येईल एवढीच दिंडी असते. दाराला आतून भिंतीच्या पोटातून सरकणारी जाड आगळ असते. जिना अरुंद आणि अंधारा, त्याच्या तोंडावर आडवी पडणारी फळी. एका वाड्याच्या माडीवरून शेजारच्या माडीवर जाता येईल अशी वाट. हे सर्व शोभेसाठी केलेले नाही. वेशीबाहेरचे राज्य बदलत राहिले तरी वेशीच्या आत राहून धंदा करायचा, यासाठी केलेली ती तजवीज आहे.

आणि धंदा चाललाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरातेतील श्वेतांबर साधू शीलविजय यांनी दक्षिणेची यात्रा केली आणि तिचे वर्णन आपल्या ‘तीर्थमाळे’त लिहून ठेवले. त्यात कारंज्याचा उल्लेख धनवंतांची नगरी म्हणून येतो आणि तेथील बघेरवाल श्रावक भोज संघवी यांच्या औदार्याची मुक्तकंठाने स्तुती येते. एका श्वेतांबर साधूने एका दिगंबर श्रावकाचे असे कौतुक करावे, ही गोष्ट आजच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी एखाद्या घराचा मोठेपणा त्याच्या मजल्यांवरून नव्हे, तर त्याच्या दारातून किती जण तृप्त होऊन गेले यावरून मोजला जात होता.

कस्तुरीचा चुना

कारंज्यात कोणालाही विचारावे, कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट तो सांगेल. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात, परंतु गाभा एकच. उंटांवर कस्तुरी लादून एक परदेशी व्यापारी कारंज्याला आला. एवढा माल घेणारे गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा या गावात दम नाही असे तो बोलून गेला. ते शब्द लेकूर संघवी या धनिकाच्या कानी पडले. त्यांच्या हवेलीचे बांधकाम चालू होते. गावाची अब्रू राहावी म्हणून त्यांनी सगळी कस्तुरी खरेदी केली आणि तेथल्या तेथे चुन्याच्या घाणीत ओतायला लावली. किमतीची नाणी मोजताना व्यापाऱ्याला विचारले, कोणत्या सालच्या टांकसाळीची हवीत? हवेलीच्या भिंतींना पुढे अनेक वर्षे सुगंध येत होता म्हणतात.

जुन्या गवंड्यांची रीत माहीत असलेल्याला या गोष्टीत एक वेगळीच गंमत दिसते. चुन्याला बळ यावे म्हणून त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच होती. चुना आठवडेच्या आठवडे भिजवायचा, बैलाच्या घाणीत रगडायचा आणि त्यात हे पदार्थ मिसळायचे. त्यामुळे भिंत चिवट होते आणि पाणी धरत नाही. कस्तुरीने यातले काहीच होत नाही. तिने भिंतीला बळ दिले नाही, घरधन्याच्या नावाला दिले. शिवाय कस्तुरी मृगाची हत्या करून मिळते, हेही विसरता येत नाही. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या समाजाने ही कथा पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितली. गावाची अब्रू राखल्याचा तो अभिमान समजण्यासारखा आहे. तरीही आज ती मुलांना सांगताना हा दुसरा पैलूही सांगायला हवा.

मात्र या कथेचा सर्वांत मोठा धडा वेगळा आहे. कस्तुरीचा सुगंध राहिला तो गोष्टीत. भिंतींतून तो केव्हाच गेला. त्याच शहरात, त्याच वेशींच्या आत, कस्तुरीहून फार स्वस्त अशी एक वस्तू मात्र टिकून राहिली. ती म्हणजे मंदिरांच्या शास्त्रभांडारांतील हस्तलिखिते.

जे सर्वांचे होते ते टिकले

१९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपुराहून प्रसिद्ध केली. तिच्यामुळे कारंज्याच्या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांना आयुष्य वाहिले. कारंज्याहूनच ग्रंथमाला निघाल्या. १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’, १९३२ मध्ये ‘सावयधम्मदोहा’, १९३३ मध्ये ‘पाहुडदोहा’ व ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ मध्ये ‘करकंडचरिउ’. ज्या अपभ्रंश भाषेतून मराठी, गुजराती, हिंदी या भाषा घडल्या, तिचे साहित्य अभ्यासकांच्या हाती आले ते मोठ्या अंशी वऱ्हाडातील एका व्यापारी गावाच्या मंदिरांतून. या ग्रंथमालांमागे येथल्या व्यापारी श्रावकांचे दान होते.

यांपैकी ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ हे महाकवी पुष्पदंताचे. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट येथे मंत्री भरत आणि पुढे त्याचा पुत्र नन्न यांच्या आश्रयाने हा कवी राहिला. आपण नन्नाच्या प्रासादात राहून काव्य रचले, असे त्याने स्वतः नमूद केले आहे. इ. स. ९७२ मध्ये परमार राजा सीयक याने मान्यखेट लुटले. पुष्पदंताच्या ‘महापुराणा’च्या हस्तलिखितांत एक संस्कृत श्लोक आढळतो. त्यात या लुटीचा शोक करून कवीने विचारले आहे की, आता पुष्पदंताने राहावे तरी कोठे? त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास एक हजार वर्षे लागली, आणि त्या उत्तरात कारंज्याचाही वाटा आहे. नन्नाचा प्रासाद मातीस मिळाला. त्यात लिहिलेल्या काव्याच्या नकला उतरत उतरत वऱ्हाडातील या भांडारात आल्या आणि तेथे सुखरूप राहिल्या.

असे का व्हावे? सागाची तुळई कागदापेक्षा कितीतरी मजबूत. चुन्याची भिंत शाईपेक्षा टिकाऊ. तरी हवेल्या गेल्या आणि पोथ्या राहिल्या. याची कारणे दोन दिसतात, आणि दोन्ही व्यापारी कुटुंबांना सहज समजतील अशी आहेत.

पहिले कारण मालकीचे. पोथी भांडारात दिली की ती कोणा एकाची राहत नसे. ती संघाची होई. देणाऱ्याचे नाव पुष्पिकेत राही, पण तिची वाटणी होत नसे. घर मात्र प्रत्येक पिढीत वाटले गेले. दोन भावांत चौकाच्या मधोमध भिंत आली, पुढच्या पिढीत जिन्याचे दोन जिने झाले आणि त्याच्या पुढच्या पिढीत कोणाच्याच वाट्याला राहण्याजोगे घर उरले नाही.

दुसरे कारण निगेचे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, षट्खंडागमाच्या पूर्तीचे स्मरण म्हणून शास्त्रांची पूजा होते. त्या दिवशी भांडार उघडायचे, पोथ्या बाहेर काढायच्या, धूळ झटकायची, कसर लागली का पाहायचे, वेष्टने बदलायची आणि पुन्हा बांधून ठेवायच्या. पूजेच्या रूपाने दर वर्षी तपासणी होई. धाब्यावर दर मृगाआधी माती घालण्याची रीतही हीच होती. फरक इतकाच की पूजेचा दिवस पंचांगात राहिला आणि धाब्याचा दिवस विस्मरणात गेला. योगायोग असा की षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेचा पहिला खंड १९३९ मध्ये प्रकाशित झाला तोही वऱ्हाडातच, अमरावतीहून. डॉ. हिरालाल जैन त्याचे संपादक होते. पुढे त्याचे एकूण १६ खंड निघाले. त्या कामासाठी निधी दिला तो एका व्यापारी घराण्याने.

कुलपामागचा हिशेब

आज हिवरखेडपासून कारंज्यापर्यंत जी जुनी घरे उभी आहेत, त्यांतील बहुतेक शिवकाळातील नव्हेत. ती कापसाच्या पैशातून झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत पेठांचे रूप पालटले. मातीच्या धाब्यांवर माड्या चढल्या, सज्जांना बिडाचे कठडे आले, तावदानांत रंगीत काचा बसल्या. सागाच्या खांबांवर कमळे, केळफुले, पोपट कोरले गेले.

आता त्या खांबांचीच किंमत घराच्या मुळावर आली आहे. जुन्या सागाला बाजारात मोठी मागणी आहे. एखादा वाडा उतरवायला घेतला की दारे, चौकटी, तुळया, नक्षीचे हस्त यांचे वेगवेगळे सौदे होतात. ती नक्षी शहरांतील उपाहारगृहांत आणि फार्महाउसांत पोचते. हे नवे नाही. गुजरातेत पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव लाकडी मंडप सुटा होऊन अमेरिकेत गेला आणि १९१६ पासून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तेथे तो जपला गेला, ही समाधानाची बाब. ज्या संघासाठी तो कोरला होता त्याच्या हातून तो गेला, ही खंत.

घर विकणाऱ्या कुटुंबाला दोष देणे सोपे आहे, न्यायाचे नाही. ज्या घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे, ज्याचे अकरा वारस पाच शहरांत आहेत, त्याच्या दुरुस्तीसाठी कोणतीही बँक कर्ज देऊ शकत नाही. तारण म्हणून घर स्वीकारायचे तर सर्व हिस्सेदारांच्या सह्या लागतात. एका भावाने स्वतःच्या पैशाने छत दुरुस्त केले तर तो मालकी सांगेल, अशी दुसऱ्याला भीती. कोणीच केले नाही तर सर्वांचेच नुकसान. अशा घराचा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही आणि म्हणून घसाराही कोणाला दिसत नाही. तो दिसतो एकदम, भिंत रस्त्यावर कोसळल्यावर.

उपाय कठीण नाहीत, मात्र ते क्रमाने व्हावे लागतात. प्रथम कागद. वारसनोंद पूर्ण करून घ्यावी. ज्यांना हिस्सा नको त्यांचे हक्कसोडपत्र नोंदवावे. घर एका शाखेकडे किंवा कुटुंबाच्या विश्वस्त मंडळाकडे द्यावे. अविभक्त मालकी आणि विभक्त मने, अशा स्थितीत कोणतेही घर वाचत नाही. त्यानंतर छत. पाणी थांबले की निम्मे घर वाचते. तिसरे, दुरुस्तीचे साहित्य. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. तो भिंतीतील ओल आत कोंडतो आणि भिंत आतून पोखरते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, थोडा महागही पडतो, परंतु तो खर्च पुन्हा पुन्हा करावा लागत नाही. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, वापर. ज्या घरात दिवा लागत नाही ते घर लवकर पडते. पाठशाळा, स्वाध्यायाची जागा, विहारातील साधुसाध्वींसाठी वसतिका, यात्रेकरूंसाठी चार खोल्या, यांपैकी काहीही त्या जुन्या चौकात शोभून दिसेल.

अहमदाबादच्या पोळींचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. तेथेही जैन व वैष्णव व्यापाऱ्यांची लाकडी कोरीव घरे वारसांच्या भांडणांत अडकली होती. महापालिकेने वारसा घरांची यादी केली. यादीतील घर न पाडता त्यावर मिळू शकणारा वाढीव बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा मालकांना दिली. त्या पैशातून घरे सावरता येऊ लागली. २०१७ मध्ये युनेस्कोने त्या जुन्या शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. असा मान मिळालेले ते भारतातील पहिले शहर. वऱ्हाडातील लहान नगरपालिकांकडून एवढ्या यंत्रणेची अपेक्षा लगेच करता येणार नाही. परंतु गावातील जुन्या घरांची साधी यादी, प्रत्येकाचा नकाशा आणि छायाचित्रे, एवढे काम तर समाजाच्या पाच तरुणांना एका सुटीत करता येईल.

आणि जे घर कोणत्याही उपायाने वाचणार नाही, त्याचे काय? ते उतरवावे लागले तरी काही गोष्टी मोडीत जाऊ देऊ नयेत. पेढीच्या फडताळातील चोपड्या हे त्यांतले पहिले धन. रोजमेळ, खतावण्या, हुंड्यांच्या नकला, कापसाचे भाव, दुष्काळात माफ केलेली येणी, मंदिरास दिलेले दान, लग्नातील देणीघेणी, हे सारे त्यांत मोडीत किंवा महाजनी लिपीत लिहिलेले असते. घर उतरवताना या वह्या बहुधा रद्दीच्या भावाने जातात. कारंज्याच्या भांडारांनी धर्मग्रंथ सांभाळले. व्यापाराचे ग्रंथ सांभाळणारे भांडार अजून झालेले नाही, आणि ते करण्यास व्यापारी समाजाहून अधिक योग्य कोण?

अपरिग्रहाचे व्रत सांगते की वस्तूंचा मोह नको. जुन्या घराविषयी बोलताना हा आक्षेप कोणी घेईल, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. परंतु कारंज्याच्या भांडारांनी या आक्षेपाचे उत्तर देऊन ठेवले आहे. तेथे वस्तू जपल्या गेल्या, मात्र ‘माझी’ म्हणून नव्हेत. पोथी लिहून घेणाऱ्याने ती आपल्या नावाने दिली आणि आपल्या ताब्यातून सोडली. सोडली म्हणून ती टिकली. घरातील एक खोली, एक चोपडी, एक नक्षीचा दरवाजा या भावनेने संघाच्या स्वाधीन करणे, हे परिग्रहाचे नव्हे, त्यागाचेच काम आहे.

श्रुतपंचमी येते ती मृगाच्या आसपास. त्याच दिवसांत पूर्वी धाब्यांवर माती चढत असे. यंदा त्या दिवशी मंदिरातील भांडार उघडेल, पोथ्यांची वेष्टने बदलली जातील. त्याच दिवशी हिवरखेड, अकोट, कारंजा येथील बंद घरांची कुलपेही एकदा उघडावीत. पुण्या-मुंबईच्या मुलांना घेऊन यावे, धाब्यावर चढून पन्हळ मोकळी करावी, फडताळातल्या वह्या उन्हात ठेवाव्यात आणि जाण्यापूर्वी पेढीच्या जागेवर सर्व हिस्सेदारांनी एकत्र बसावे. वाटणीसाठी नाही, निगेसाठी. पाऊस त्यानंतर थोड्याच दिवसांत येईल.